उन्हात घातलेली गाठ

माझ्या थोरल्या जावेच्या छातीत गाठ होती आणि चार महिने मी तिला रोज ऊन खायला सांगत होते. गाठीचं मला माहीत नव्हतं. पण माहीत नसणं मला शोभत नाही. कर्जतला एका तपासणी केंद्रात एकोणीस वर्षं मी लोकांचं रक्त काढते. कुणाच्या अंगात काय कमी पडलंय आणि काय वाढलंय हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळतं. रोज एका पंगतीला जेवणाऱ्या बाईचं तेवढं कळलं नाही.

आमचं घर पोशीरला. खाली थोरले दीर आणि जाऊ, वर मी आणि माझा नवरा. स्वयंपाक एकच, खालचा, आणि त्यावर सत्ता तिची. बोलताना मी तिला ताई म्हणते आणि अहो-जाहो करते. मनात मात्र पहिल्यापासून एकेरीच, म्हणून इथेही एकेरीच. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. दीर नोकरीवर जायचे तेव्हाही शेत तिनंच ओढलं आणि ते निवृत्त झाल्यावरही तीच ओढते. ते बांधावर उभे राहून पाण्याबद्दल मत देतात.

घरात मला डॉक्टरीण म्हणतात. कौतुकानं नाही. कुणी खोकलं तरी मी काहीतरी सांगते म्हणून.

डिसेंबरात भात झोडून झालं आणि ताई म्हणाली, हाडं ठणकतात. ती असं कधी म्हणत नाही. मी दुसऱ्या दिवशी सुई-बाटल्या घरी आणल्या आणि सकाळचा चहा व्हायच्या आधी ओट्याजवळच तिचं रक्त काढलं. ड जीवनसत्त्व इतकं कमी निघालं की मी तोच नमुना पुन्हा मशिनला लावला. पुन्हा तेच. घरी सांगितलं तेव्हा दीर हसत सुटले.

"हिच्या अंगात ऊन नाय? आगं, आख्ख्या गावाचं ऊन हिनं खाल्लंय. मशिन बघा तुमचं."

मशिन बरोबर होतं. आमच्याकडच्या बाया शेतात कशा जातात ते दीर तीस वर्षं बघत होते, पण पाहिलं नव्हतं. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळलेली, हातात जुन्या मोज्यांचे बोटं कापलेले हातमोजे. बाहेर फक्त डोळे. गवत टोचू नये म्हणून आणि काळं पडू नये म्हणून. काळं पडायची भीती साठीतही सुटत नाही. त्यात चार महिने पाऊस, तेव्हा वर प्लास्टिक. ऊन होतं ते सगळं दिरांच्या शर्टाला मिळालं. केंद्रात येणाऱ्या बहुतेक शेतकरी बायकांचं हेच असतं. माझं स्वतःचं तपासलं तर ताईहूनही कमी निघालं, पण मी एसीत बसते, मला निदान कारण आहे.

डॉक्टरांनी तिला पावडर लिहून दिली, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची. आणि सांगितलं, थोडं उन्हातही बसा, हातपाय उघडे ठेवून. एवढ्यावर थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

मला वाचायची सवय आहे आणि वाचलेलं दुसऱ्याला सांगायची त्याहून वाईट सवय आहे. जानेवारीत मोबाइलवर एक लेख आला. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता बऱ्याचदा सापडते, असं काही पाहण्यांमध्ये दिसलंय, असा तो लेख होता. शेवटाकडे नीट लिहिलं होतं की, कमतरतेमुळेच रोग होतो असं यावरून म्हणता येत नाही, आणि पावडर घेऊन तो टळतो असंही सिद्ध झालेलं नाही. ते मी वाचलं होतं. पण घरच्या ग्रुपवर लेखाचा सारांश टाकताना तो भाग लांबत होता म्हणून गाळला. आणि खाली पदरची एक ओळ जोडली: "ऊन घ्या, कॅन्सर टाळा." पुढे सूर्याचं चित्र.

ग्रुपवर तिसेक माणसं आहेत. सात जणांनी अंगठे दाखवले, एका नणंदेनं हात जोडले. ताईनं काहीच केलं नाही. तिला वाचायला वेळ लागतो, पण ती वाचते.

त्यानंतर ती रोज अकराच्या सुमारास गच्चीवर जायला लागली. मला अभिमान वाटला. एकोणीस वर्षांत माझं कुणी एवढं मनावर घेतलं नव्हतं. आधी ती मिरच्या घेऊन जायची, मग वाल, मग मार्च लागला तसे पापड आणि तांदळाच्या फेण्या. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी आमच्याकडे दरवर्षी होते, पण त्या वर्षी ती संपेचना. डबे भरले, मग पिंप भरलं. नणंदांकडे पिशव्या गेल्या. माझा नवरा म्हणाला की, आता पाऊस दोन वर्षं थांबला नाही तरी आपण पापडांवर निभावू. गच्चीच्या कोपऱ्यात तिनं दोन खाटा उभ्या करून त्यांना जुन्या साड्या बांधल्या होत्या. आम्हाला वाटलं, सावलीसाठी. सावली पलीकडच्या बाजूला पडायची, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी संध्याकाळी कामावरून आले की विचारायचे, "ताई, बसलात का उन्हात?" ती म्हणायची, "बसले." मी म्हणायचे, "शाब्बास."

मे महिन्यात एका रविवारी दुपारी मी वर गेले. तिच्या पावडरचं पाकीट संपलं होतं, नवं आणलं होतं, ते द्यायला. साड्यांचा आडोसा बाजूला केला. ती पाटावर बसली होती, ब्लाउजचे हूक सोडलेले, पदर मांडीवर, डावी बाजू उन्हाकडे केलेली. एका हातात कावळे हाकायची काठी होती.

ती दचकली नाही. म्हणाली, "जिन्याचं दार लाव आदी."

मी दार लावून आले. मग पाहिलं. डाव्या बाजूला, काखेकडे, कातडी आत ओढली गेली होती. मी काही डॉक्टर नाही, पण त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तिथं हात लावला. आत लिंबाएवढं, टणक, आणि हलत नव्हतं.

"कधीपासून आहे हे?"

"तू त्यो लेख टाकलास ना, त्याच्या चार दिस आदी हाताला लागली. अंघोळीच्या टायमाला."

मी खाली बसले. गच्ची एवढी तापली होती की लगेच उठले. दुसऱ्या पाटावर बसले.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? ऊन दिलं." ती अगदी साध्या आवाजात समजावून सांगायला लागली. भात दमट असताना कणगीत भरलं तर आतल्या आत तापतं, हात घातला तर चटका बसतो, मग बुरशी धरून गोळे होतात. तेच आदी उन्हात घालून खडखडीत केलं की वर्षभर काय होत नाय. आंगाचंबी तसंच. इतकी वर्सं झाकून ठेवलं, आत दमट राहिलं, म्हणून गोळा झाला. "तूच लिवलंस ना ऊन घ्या म्हणून. मी फकस्त कुठं घ्यायचं ते ठरवलं."

"कमी झाली का?"

तिनं हाताजवळची एक फेणी उलटली. "पयल्यापेक्षा मऊ लागते," म्हणाली.

ती मऊ लागत नव्हती. मी नुकताच हात लावला होता.

मग मी ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही, पण अक्कल हा शब्द दोनदा आला, आणि अहो-जाहो सुटलं होतं एवढं आठवतं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. तिनं ऐकून घेतलं, हूक लावले, पदर घेतला आणि म्हणाली, आगोट आटपली की जाऊ. मी म्हणाले, उद्या. ती म्हणाली, फेण्या अर्ध्या ओल्या हायत. मी म्हणाले, फेण्या गेल्या खड्ड्यात. त्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "खाणार तूच हायस."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. घरात सांगितलं, हाडांचा फोटो काढायचा आहे. कर्जतला सोनोग्राफी झाली. ती करणाऱ्या बाई मला रोज भेटतात, रोज काहीतरी गंमत करतात. त्या दिवशी त्यांनी पडद्याकडे बघत फक्त विचारलं, "तुमच्या कोण?" तिथून आम्हाला खालापूरकडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान होत्या. खऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "गाठ कधी लक्षात आली?"

"आठ दिस झाले," ताई म्हणाली.

मी म्हणाले, "चार महिने."

"हिला काय म्हाईत? हिला परवा कळलं."

"चार महिने," मी पुन्हा म्हणाले. ताईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. तेव्हा मला वाटलं, ती मला वाचवतेय. घरात माझ्यासारखी बाई असून चार महिने गेले, हे परक्या माणसापुढे यायला नको म्हणून.

"चार महिन्यांत काही उपचार केले?"

ताईनं छताकडे पाहिलं. शेवटी मलाच सांगावं लागलं. "ऊन," मी म्हणाले.

बाईंनी पेन थांबवलं नाही, भुवईसुद्धा उचलली नाही. मला वाटतं, त्यांनी त्या खुर्चीत बसून याहून बरंच काही ऐकलं असावं. ताईनं मात्र संधी सोडली नाही. विचारलं, "मंग ऊन कमी पडलं म्हणूनच झालं ना हे?"

"ते सांगता येत नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "हा आजार असलेल्या पुष्कळ बायकांमध्ये ड जीवनसत्त्व कमी असतं, हे खरं. पण तुमच्या गावात हा आजार नसलेल्या बायका तपासल्या तर त्यांचंही कमीच निघेल. दोन्ही गोष्टी एका घरात दिसल्या म्हणून एकीनं दुसरीला आणलं असं होत नाही. अभ्यास चालू आहेत. पावडर घेत राहा, ती हाडांसाठी. या गाठीचं काम तिच्याकडे देऊ नका."

जे मी लांब होतं म्हणून गाळलं होतं ते त्यांनी मोजक्या वाक्यांत सांगितलं. त्यांनी मला एकदा झापायला हवं होतं असं मला फार वाटत होतं. त्यांनी झापलं नाही. सुई घालून गाठीचा तुकडा काढला आणि आठवड्यानं यायला सांगितलं.

आठवड्यानं अहवालाचं पाकीट मिळालं. लोक असली पाकिटं घेऊन माझ्या खिडकीशी येतात आणि विचारतात, ताई, जरा बघा ना काय लिहिलंय. मला ते सगळं वाचता येतं. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर ते उघडलं, वाचलं, घडी घातली आणि ताईला म्हणाले, "तेच आहे." ती म्हणाली, "चल मंग, कागद दावून येऊ." आणि तीच आधी पायरी चढली.

दिरांना घरी मीच सांगितलं. ते उठून गोठ्यात गेले आणि भर दुपारी म्हशीला दुसऱ्यांदा पाणी दाखवलं. तेव्हापासून त्यांनी पाण्याबद्दल मत देणं बंद केलं आणि त्या पावसाळ्यात लावणीला स्वतः चिखलात उतरले. रोपं वाकडी लावली. ताई खिडकीतून बघून कळवळायची, आजारानं नाही, त्या ओळी बघून.

आधी इंजेक्शनं, मग ऑपरेशन असं ठरलं होतं. दर तीन आठवड्यांनी मी तिला गाडीनं खालापूरकडे न्यायचे. केस गेले तेव्हा तिनं शेतातली तीच ओढणी डोक्याला गुंडाळली. गावात कुणाला संशयही आला नाही. तिला लोकांनी उघड्या डोक्यानं पाहिलंच कधी होतं? उलट्या व्हायच्या. तोंडाला चव नव्हती. फक्त भाजलेला पापड खाववायचा, आणि तो घरात मुबलक होता.

मधल्या काळात मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. लिहिलं की जानेवारीत मी जोडलेली शेवटची ओळ चुकीची होती. उन्हानं गाठ जात नाही, छातीत गाठ, खड्डा, स्राव काहीही दिसलं तर आठ दिवसांच्या आत डॉक्टरला दाखवा, दुखत नसलं तरी दाखवा. यावर एक अंगठा आला आणि कुणीतरी गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ लिहून पाठवलं. पण पुढच्या पंधरा दिवसांत कळंबची चुलत नणंद आणि शेजारची एक, दोघी वेगवेगळ्या येऊन माझ्या कानाशी कुजबुजल्या आणि तपासून आल्या. दोघींचं काही निघालं नाही. ते ऐकून मला एवढं रडू आलं की शेजारीण घाबरली.

ऑपरेशन ऑक्टोबरात झालं. डावी बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. ते झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना दाराशी गाठलं. पाच महिने जे विचारलं नव्हतं ते विचारलं. जानेवारीत आणलं असतं तर?

त्यांनी हातातली फाइल मिटली. "नक्की सांगता येत नाही. पण बहुतेक गाठ तेवढी काढून भागलं असतं," म्हणाल्या. "आणि मलाही थोडं जास्त खात्रीनं बोलता आलं असतं."

आता ती रोज एक गोळी घेते आणि ठरल्या महिन्यांनी आम्ही दाखवायला जातो. पाच वर्षं व्हायला अजून बरीच बाकी आहेत. त्याआधी कुणी काही छातीठोक सांगत नाही आणि मीही शिकले आहे. पण मला सांगायचंय ते ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवसाचं.

दुपारची वेळ होती. ती उशीला टेकून बसली होती, कुशीतून नळी निघालेली. वॉर्डात शेजारची खाट रिकामी होती. मी मोसंबं सोलत होते. बरेच दिवस घोकून ठेवलेलं वाक्य मी बोलून टाकलं. "ताई, माझ्या त्या ओळीमुळं तुमचं एवढं झालं. मी नको ते लिहिलं आणि तुम्ही विश्वास ठेवलात. मला माफ करा."

तिला हसू आलं, पण टाके ओढले गेले म्हणून तिनं ते अर्ध्यावर सोडलं.

"तू लिवलंस म्हणून मी कवापासून काय कराय लागले गं? मीठ कमी खा म्हणून दहा वर्सं बोंबलतेस."

"पण उन्हात तर बसलात ना."

"बसले." तिनं माझ्या हातातली फोड घेतली, पण खाल्ली नाही. "माझी खालापूरची मावशी ह्याच्यानंच गेली. मी तवा तिच्याकडंच होते, समदं केलंय तिचं. माझ्या हाताला लागली ना, त्याच दिशी वळकली मी. भाताचं काय, ते मी तुला सांगायला जमवलं."

मला पहिल्यांदा कळेचना. मग कळलं. "मग मला का नाही सांगितलंत? मी घरात होते. रोज संध्याकाळी विचारत होते."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिशी आनलं असतंस हितं," ती म्हणाली. "म्हणून नाय सांगितलं."

मला राग आला. तीन दिवसांपूर्वी कापलेल्या बाईवर यावा तसा नाही, चांगला आला. पाच महिने माझी चूक मी उराशी धरून हिंडत होते, आणि ती निदान माझी होती. चूक दुरुस्त करता येते, ग्रुपवर टाकता येते. हे कुठे टाकू? मी रोज तिला शाब्बास म्हणत होते, आणि ती रोज माझ्यासमोर भाकऱ्या थापताना मरणाला भीत होती, आणि मी अर्ध्या तालुक्याच्या नसा शोधणारी बाई, मला ते दिसलं नाही. मला सांगणं तिला त्या गाठीपेक्षा अवघड वाटलं होतं. मी बाहेर गेले, व्हरांड्यात उभी राहिले, नाक पुसलं आणि परत आले.

ती नळी सांभाळत खाटेच्या एका कडेला सरकली होती. "रागावलीस?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. मग म्हणाले, "तू खूप घाबरली होतीस का गं?"

तिनं होकाराची मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिली. मी तिच्या उजव्या बाजूला, जिथं हात लावता येत होता तिथं, बसले आणि तिला धरलं. पंचवीस वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींना कधी धरलं नव्हतं. तिला कुठून धरायचं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.